फ्रिजमागची टक् करणारी चकती

'फ्रिज गार होत नाही? गॅस गेला असणार, भरून घ्या.' एप्रिल-मेमध्ये सोलापुरात हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं. घरातल्या फ्रिजबद्दल ते कधीकधी खरंही असतं. पण टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करून भटकणारी मंडळी आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत आणि त्यांच्या गाडीतल्या फ्रिजलाही हाच सल्ला मिळतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज नान्नजच्या माळावर भर दुपारी कोमट व्हायचा आणि पहाटे पुन्हा गार. गॅस गळून गेला असता तर पहाटे तो परत कुठून आला? दोष निघाला फ्रिजमागच्या छोट्या पंख्याच्या थर्मोस्टॅट स्विचमध्ये, म्हणजे तापमानाप्रमाणे पंखा चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये.

गाडीला नजर लागली, लिंबू-मिरची बांधा, असंही त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुपारी बिघडतं आणि पहाटे सुधारतं, ही निसर्गाने दिलेली इतकी स्पष्ट खूण असताना ती सोडून नजरेच्या मागे लागणं मला मनापासून खटकतं.

एलपीजीवर चालणाऱ्या या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन तरुणांनी शोधलेली ही पद्धत आहे. पाण्यात विरघळलेला अमोनिया ज्योतीच्या उष्णतेने वाफ होऊन वर जातो, मागच्या पत्र्यांच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी परत पाण्यात विरघळतो. सगळ्या नळ्या कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेल्या असतात, त्यामुळे घरच्या फ्रिजसारखा गॅस भरायला त्यात वाटच नसते.

सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो तो कंडेन्सरमध्ये. अमोनियाचा द्रव व्हायला ४० अंश सेल्सिअसला सुमारे १५.५ बार दाब लागतो (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), ५० अंशांना सुमारे २० बार. घरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे दाब वाढवू शकतो. इथे दाब नळ्या भरतानाच ठरलेला असतो आणि उन्हाने फारसा वाढत नाही. म्हणून बाहेर ४२ अंश असताना कंडेन्सरची उष्णता वेळेवर वाहून गेली नाही, तर अमोनिया वाफच राहतो आणि फ्रिज नुसता एलपीजी जाळत बसतो. गरम हवा आपोआप वरच्या जाळीतून जाते आणि खालच्या जाळीतून नवी आत येते, पण हा ओढा मंद असतो. पंखा त्याला जोर देतो. पंख्याने फ्रिजच्या आत गार हवा जाते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आतल्या कप्प्यांशी त्याचा काही संबंध नसतो.

हा पंखा कधी लावायचा, हे ठरवते नाण्यापेक्षा लहान, घुमटाकार चकती. शाळेत द्विधातू पट्टी शिकलो, तीच ही, फक्त गोल. कमी प्रसरणाचा इन्व्हार, म्हणजे लोखंड आणि ३६ टक्के निकेल, आणि जास्त प्रसरणाचं पितळ असे दोन थर एक सेंटीमीटर रुंदीचे घेऊन २० अंशांनी तापवले, तर त्यांच्या लांबीत फरक पडेल साधारण साडेतीन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केसच ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. एवढ्या हालचालीने स्विच कसा चालेल? सरळ पट्टी हळूहळू वाकते, म्हणजे संपर्कबिंदूही हळूहळू दूर होतात. त्या बारीक फटीत ठिणगी रेंगाळते आणि धातू जळतो.

यावरची युक्ती १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन स्पेन्सर यांनी प्रत्यक्षात आणली. तेलाच्या पत्र्याच्या डब्याचा फुगीर तळ अंगठ्याने दाबला की तो काही वेळ दाद देत नाही आणि मग एकदम टक् करून आत जातो. ही चकती तशीच पलटते. थंड असताना जास्त प्रसरणाचा थर घुमटाच्या आतल्या, खोलगट बाजूला असतो. तापल्यावर त्याला बाहेरच्या बाजूला यायचं असतं. त्यासाठी चकतीला आधी सपाट व्हावं लागतं, पण कडेचं वर्तुळ अखंड असल्याने सपाट होताना धातूवर ताण येतो. म्हणजे उलट आणि सुलट या दोन स्थितींच्या मध्ये ऊर्जेची एक टेकडी उभी असते. तापमान वाढतं तशी या बाजूची चढण कमी होत जाते. ती संपली की चकती क्षणात पलटते आणि संपर्क झटक्यात जुळतो. परतीच्या वाटेवर चढण दुसऱ्या बाजूने असते, ती संपायला तापमान बरंच खाली यावं लागतं. म्हणून ५० अंशांना चालू होणारा स्विच ५० ला बंद होत नाही, दहा-पंधरा अंश खाली होतो. हे अंतर नसतं तर पंखा सारखा चालू-बंद होत राहिला असता. मोबाइल ॲपवरचे 'स्मार्ट' स्विच मिळतात, पण बॅटरीचा थेंबही न पिता इतका नेमका निर्णय घेणाऱ्या या चकतीपुढे मला त्यांची जाहिरात पोकळ वाटते.

निवडताना दोन गोष्टी बघा. गीझरमधला दिसायला अगदी असाच स्विच गरम झाल्यावर वीज तोडतो; आपल्याला गरम झाल्यावर जोडणारा, एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा) प्रकारचा हवा. दुसरं तापमान. ४० चा घेतला तर तो २५-३० ला उतरल्यावरच सुटेल आणि सोलापुरात मे महिन्यात फ्रिजमागची हवा रात्रीसुद्धा तितकी उतरत नाही. पंखा अखंड चालेल. ०.२ अँपिअरचा पंखाही २४ तासांत जवळजवळ ५ अँपिअर-तास खातो. आपल्याकडे ५० चा बरा.

बदलण्याआधी ज्योत बंद करून नळ्या निवू द्या. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा. फ्रिज तापलेला असतानाही न फिरणारा पंखा आता फिरला, तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज किंवा पंखा बघा. मग फ्यूज काढून ठेवा आणि नवा स्विच बसवा. त्याचा धातूचा चेहरा कंडेन्सरच्या पत्र्याला सपाट टेकला पाहिजे, मध्ये थोडी थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावा आणि क्लिपने घट्ट करा. हवेत लोंबकळणारा स्विच उशिरा जागा होतो. स्क्रूसाठी नळीला भोक मात्र चुकूनही पाडू नका, आत अमोनिया दाबाखाली आहे.

पंखा फिरतोय, जाळ्या मोकळ्या आहेत आणि तरीही फ्रिज गार होत नसेल, तर मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा डाग दिसतो का बघा. गंज रोखण्यासाठी आतल्या पाण्यात घातलेला सोडियम क्रोमेट गळतीबरोबर बाहेर येतो, त्याचा तो रंग. त्याला हात लावू नका, तो विषारी आहे. नाकाला झोंबणारा वासही येत असेल तर एलपीजी बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि सगळे गाडीबाहेर पडा. नळ्यांचा तो संच आता पूर्णच बदलावा लागेल.