मोठ्या फाइलमधील नोंदी संथ का बदलतात : एक खुलासा
‘फाइल मोठी झाली, आता नवा संगणक घ्या’ हा समज देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा व्यापाऱ्यांच्या हिशेबात वर्षानुवर्षे टिकून आहे. एसक्यूलाइटच्या, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या डेटाबेसच्या, फाइलबाबत तो बहुतेकदा चुकीचा असतो. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) स्वतः उघडले नाही, तर प्रत्येक अपडेट स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरते आणि ते डिस्कवर पक्के उतरेपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो, त्यामुळे मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कवर सेकंदाला सुमारे 60 नोंदीच बदलतात. म्हणजे 40,000 पेट्यांचे दर बदलायला अकरा मिनिटे! आधी ‘बिगिन’ (ट्रान्झॅक्शन उघडणारी आज्ञा) आणि शेवटी एकदाच ‘कमिट’ (ते पक्के करणारी आज्ञा) दिले, शिवाय ज्या पेटी क्रमांकावरून नोंद शोधायची त्यावर इंडेक्स (नोंद पटकन सापडावी म्हणून केलेली सूची) असला, की तेच काम काही सेकंदांत उरकते. ‘सिंक्रोनस’ (बदल डिस्कवर पक्का उतरेपर्यंत थांबायला लावणारी सेटिंग) बंद करण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण वळवाच्या पावसात मध्येच वीज गेली तर फाइलच बिघडू शकते.