भूक-नियामक संप्रेरकांचे विकरी विघटन

भूक व तृप्ती यांचे संदेश वाहणारी पेप्टाइड (अमिनो अम्लांच्या छोट्या साखळीची बनलेली) संप्रेरके (हॉर्मोने) विकरांच्या (एंझाइमांच्या) क्रियेने तुटण्याची वा बदलण्याची प्रक्रिया. तुटले म्हणजे संपले, असे मात्र दर वेळी घडत नाही.

सर्वांत बारकाईने अभ्यासलेले संप्रेरक म्हणजे तृप्तीचा संदेश देणारे जीएलपी-१ (ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१). जेवणानंतर लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील व मोठ्या आतड्यातील एल-पेशी ते स्रवतात. त्याच्या साखळीच्या आरंभी हिस्टिडीन व ॲलॅनीन ही अमिनो अम्ले असतात. डायपेप्टिडिल पेप्टिडेझ-४ (डीपीपी-४) हे विकर बरोबर ॲलॅनीनच्या पुढे कात्री लावते. ३० पैकी दोनच अमिनो अम्ले गळतात, पण ग्राहीला (पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) जागे करणारे टोक तेच असल्याने उरलेली साखळी जवळजवळ निकामी ठरते. रक्तातील अर्धायुष्य (प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा वेळ) जेमतेम दीड-दोन मिनिटे. आतड्यातील केशवाहिन्यांच्या अस्तरावरच हे विकर असल्यामुळे बराचसा जीएलपी-१ तिथून निघण्याआधीच तुटतो. नेप्रिलायसिन हे दुसरे विकर साखळी मधूनच तोडते.

त्याच एल-पेशींतून येणाऱ्या पीवायवाय (पेप्टाइड वायवाय) या तृप्तीच्या दुसऱ्या संप्रेरकाच्या बाबतीत डीपीपी-४ नेमके उलटे करते. इथेही पहिली दोनच अमिनो अम्ले जातात. मात्र उरलेले ३४ अमिनो अम्लांचे रूप मुख्यतः वाय-२ ग्राहीलाच जाऊन बसते आणि भूक अधिक दाबते. म्हणून डीपीपी-४ला सरसकट ‘तृप्तीचा शत्रू’ ठरवणे चूक आहे.

भूक वाढवणारे घ्रेलिन जठरात तयार होते. जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी १९९९ मध्ये ते शोधले. त्याच्या तिसऱ्या जागेवरील सेरीनला जोडलेले ऑक्टॅनॉइक अम्ल सुटले, की त्याची भूक चाळवण्याची शक्ती जाते. मानवी रक्तात हे काम मुख्यतः ब्युटिरिलकोलिनएस्टरेझ करते (भूलतज्ज्ञांना ते सक्सिनिलकोलीन मोडणारे विकर म्हणून परिचित आहे). साखळी अखंडच राहते, तेव्हा काटेकोर अर्थाने हे पेप्टाइडाचे विघटन नव्हे.

औषधशास्त्राने या कात्रीवर दोन बाजूंनी उपाय काढले. सिटाग्लिप्टिन (२००६ मध्ये मंजूर) व भारतात पेटंट संपल्यावर स्वस्त झालेले विल्डाग्लिप्टिन ही मधुमेहावरील औषधे डीपीपी-४लाच रोखतात. त्यांनी साखर उतरते, वजन फारसे हलत नाही; जीएलपी-१ची पातळी दोन-तीन पटच वाढते, शिवाय पीवायवायचे प्रभावी रूप बनणेही अडते.

दुसरी वाट अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्येतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याने दाखवली. अमेरिकी संशोधक जॉन एंग यांना त्याच्या विषात सापडलेल्या, जीएलपी-१सारखेच काम करणाऱ्या एक्झेंडिन-४ या पेप्टाइडामध्ये दुसऱ्या जागी ॲलॅनीनऐवजी ग्लायसीन आहे, त्यामुळे ते डीपीपी-४ला दाद देत नाही. त्यावरून बनलेले एक्झेनाटाइड हे मधुमेहावरील औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण मूत्रपिंडे ते लवकर गाळून टाकत असल्याने दिवसातून दोनदा टोचावे लागे. जीएलपी-१वरून बनवलेल्या सेमाग्लुटाइड या औषधामध्ये ती दुसरी जागाही बदलली आहे आणि रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहणारी मेदाम्लाची शेपटीही जोडली आहे. त्यामुळे त्याचे अर्धायुष्य सुमारे आठवडाभर असते.