कॅशे इनव्हॅलिडेशन

मूळ डेटा बदलल्यावर सर्व्हरच्या कॅशेत, म्हणजे वेगासाठी जवळ ठेवलेल्या प्रतींच्या साठ्यात, उरलेल्या त्याच्या प्रती काढून टाकण्याची किंवा बाद ठरवण्याची क्रिया. ती चुकली तरी लॉगमध्ये एरर उमटत नाही. सर्व्हर वेगाने उत्तर देत राहतो, फक्त ते जुने असते.

या समस्येचा उगम कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ‘स्लेव्ह मेमरी’ची, म्हणजे मुख्य मेमरीजवळच्या लहान वेगवान साठ्याची, कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये कॅशे व्यापारी यंत्रात आली. येथूनच प्रारंभ धरण्याची प्रथा आहे. मात्र एका प्रोसेसरला एकच कॅशे असेल तर बाद करण्याचा प्रश्न मर्यादित राहतो. अनेक प्रोसेसर व प्रत्येकाजवळ वेगळी प्रत, ही स्थिती संशोधक सेन्सिए व फोत्रिए यांच्या १९७८ च्या निबंधात हाताळली गेली. म्हणून प्रारंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, कॅशे बाद करणे आणि नावे देणे, हे वचन प्रोग्रामर फिल कार्लटन यांचे मानतात. ते मौखिक परंपरेने आले असून १९९० च्या दशकाच्या मध्यातील असावे. प्रोसेसरमध्ये प्रतींचा मेळ सर्किट राखते. मेमकॅश्ड (२००३) किंवा रेडिस (२००९) ही कॅशे सॉफ्टवेअरे वापरणाऱ्या सर्व्हरमध्ये ते काम प्रोग्रामरवर येते.

सर्वांत चिवट दोष वाचन आणि लेखन यांच्या शर्यतीतून निघतो. समजा, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी दाखवणारा सर्व्हर आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. एका रिक्वेस्टला कॅशेत काही सापडत नाही, म्हणून ती डेटाबेसमधून ३८ फूट ११ इंच वाचते आणि क्षणभर अडकते. तेवढ्यात ३९ फूट १ इंच ही नवी नोंद कमिट (डेटाबेसमध्ये पक्की) होते व की, म्हणजे प्रत ज्या नावाने कॅशेत ठेवतात ते नाव, प्रतीसह डिलीट केली जाते. मग अडकलेली रिक्वेस्ट पुढे सरकून जुना आकडा कॅशेत लिहिते. टीटीएल (प्रत कॅशेत टिकण्याची मुदत) एक तासाचा असेल, तर राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असताना तासभर नदी इशारा पातळीखाली दिसते. टीटीएल कमी केल्याने चूक लवकर पुसली जाते, शर्यत तशीच राहते. असा बदल करून काम संपले समजू नये.

क्रम आधी कमिट, मग डिलीट असाच हवा. उलट केल्यास दोहोंच्या मधल्या वेळेत आलेला प्रत्येक वाचक जुनी किंमत पुन्हा भरू शकतो. डिलीट न करता कॅशेत थेट नवी किंमत लिहिणेही धोक्याचे असते, कारण दोन लेखकांचा डेटाबेसमधला क्रम कॅशेत उलटू शकतो. डिलीट दोनदा झाले तरी बिघडत नाही. काही काळाने दुसऱ्यांदा डिलीट करण्याचा उपाय प्रचलित आहे, पण त्याने शक्यता घटते इतकेच. खात्रीचे उपाय दोन आहेत. पहिला, प्रत्येक नोंदीला वाढता आवृत्ती क्रमांक देऊन जुन्या क्रमांकाचे लेखन नाकारणे. डिलीटनंतरही शेवटचा क्रमांक कॅशेत काही काळ राहिला पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? दुसरा, लीज, म्हणजे कॅशेत लिहिण्याची तात्पुरती परवानगी. फेसबुकच्या २०१३ च्या निबंधातील रचनेत की न सापडल्यास कॅशे ६४ बिटांचे टोकन देते, डिलीट होताच ते बाद होते आणि उशिरा आलेले लेखन फेटाळले जाते. एका कीसाठी दर १० सेकंदांनी एकच टोकन दिल्याने डेटाबेसवरची झुंबडही आवरते: तेथील काही कीजच्या बाबतीत कमाल भार सेकंदाला १७,००० क्वेरींवरून १,३०० वर आला.

वाचन रेप्लिकावरून (डेटाबेसच्या दुय्यम प्रतीवरून) होत असेल तर क्रम बरोबर असूनही जुनी किंमत परत येते, कारण रेप्लिका मागे असते. अशा वेळी लेखनानंतर काही काळ त्या कीचे वाचन प्रायमरीवरून (मूळ डेटाबेसवरून) करावे. कमिट आणि डिलीट यांच्या मध्ये प्रोसेस कोसळल्यास डिलीट हरवते. त्यासाठी डिलीटचे काम नव्या नोंदीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात (बाकी कामांच्या यादीत) नोंदवतात किंवा डेटाबेसच्या बदल-लॉगमधून चालवतात.

उरलेले दोष साधे पण नित्याचे आहेत. की लिहिताना भाषा जोडली आणि डिलीट करताना विसरली, तर मराठी पान ताजे होते व इंग्रजी जुने राहते. म्हणून की तयार करणारे फंक्शन एकच असावे. मेमकॅश्डमध्ये ३० दिवसांपेक्षा, म्हणजे २५,९२,००० सेकंदांपेक्षा मोठी मुदत युनिक्स वेळ समजली जाते, त्यामुळे ३१ दिवसांची नोंद ताबडतोब कालबाह्य ठरते. रेडिसमध्ये साध्या ‘सेट’ने आधीचा टीटीएल पुसला जातो आणि नोंद कायमची होऊन बसते, ‘टीटीएल’ कमांडने -१ दिले तर हेच झाले आहे, -२ म्हणजे की अस्तित्वातच नाही.

दोष शोधताना प्रथम थर ठरवावा. डेटाबेस व रेडिस यांतील किंमत ताडून पाहावी. त्या जुळत असूनही रिफ्रेश केल्यावर आलटून पालटून वेगळे उत्तर येत असेल, तर संशय प्रत्येक वर्करच्या (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या प्रोसेसच्या) स्वतःच्या मेमरीतील कॅशेवर घ्यावा. एचटीटीपी थरावर ‘एज’ हेडर (उत्तर किती सेकंद जुने आहे ते सांगणारा) पाहणे पुरेसे सूचक असते. त्या थरावरील कॅशेचे सध्याचे नियम आरएफसी ९१११ (२०२२) या इंटरनेट मानकात आहेत. शर्यत पकडण्यासाठी टेस्टमध्ये डेटाबेस वाचन व कॅशे लेखन यांच्या मध्ये मुद्दाम थांबा घालावा, त्या अवधीत नवी नोंद कमिट करून डिलीट चालवावे आणि थांबा उठल्यावर कॅशेत काय उरते ते तपासावे. दुरुस्तीपूर्वी ही टेस्ट नापास होत नसेल, तर थांबा चुकीच्या जागी आहे.