परदेश पर्यटन : प्रवेशाच्या अटी आणि सुरक्षितता (बेळगाव सीमाभाग)

दुसऱ्या देशात पर्यटक म्हणून प्रवेश मिळण्यासाठी त्या देशाने घातलेल्या अटी आणि तिथे वावरताना घ्यायची खबरदारी. पासपोर्ट, व्हिसा, परतीचे तिकीट, मुक्कामाचा पुरावा, पुरेसा पैसा आणि काही देशांसाठी लसीचा दाखला एवढे सर्वसाधारणपणे लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माणसाची अडचण मात्र बहुधा घरच्या कागदांपासूनच सुरू होते.

इथे एकाच माणसाचे नाव तीन रूपांत वावरते : शाळेचा दाखला मराठीत, सरकारी उतारे कन्नडमध्ये, पासपोर्ट इंग्रजीत. एका लिपीतून दुसरीत जाताना स्पेलिंग बदलते, कुठे आडनाव आधी येते, तर कुठे त्याचे नुसते आद्याक्षर उरते. हा फरक किरकोळ समजू नये. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून आडनाव नसलेल्या, एकाच शब्दाच्या नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा देणे थांबवले. दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर तेवढी मोकळीक ठेवली. लग्नानंतर नाव बदललेल्या लेकीसुनांनी तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावे. गावाचे नावही बदलले आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव असल्याने जुन्या-नव्या कागदांवर दोन नावे दिसतात. अर्ज भरण्याआधी सगळे कागद एकत्र मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहणे, हा या भागापुरता तरी पहिला नियम मानावा.

प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो, पण पुष्कळ देशांना प्रवेशाच्या दिवशी त्याची किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. निपाणीकराने कोल्हापूर गाठले तरी पोलिस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावरच होते. नेपाळ-भूतानला व्हिसा नको, मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. युरोपातल्या शेंगेन देशांत (जिथे एकच सामायिक व्हिसा चालतो) १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आफ्रिकेतल्या काही देशांसाठी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी टोचून घ्यावी लागते.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही. गोवा, मुंबई किंवा बंगळूर गाठावे लागते. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गोव्याला जाताना धुके आणि दरडी धरूनच वेळ काढावा.

सामानाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण लेकरांसाठी डबे भरून नेण्याची आपली रीत आहे. अनारशांवरची खसखस आखाती देशांत गंभीर गुन्हा ठरू शकते : संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. खव्याचा कुंदा युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाही, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणण्यास तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलियात खाण्याचे सगळे प्रवेशपत्रावर लिहून द्यावे लागते, न लिहिल्यास दंड होतो. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक द्रव्ये असलेली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि आधी परवानगी काढूनच न्यावीत.

पर्यटक व्हिसावर नोकरी लावतो म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहावे. कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये अशा तरुणांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतल्याचे उघड झाले असून भारत सरकारने त्याविषयी वारंवार सावध केले आहे. घरच्यांना मुक्कामाचा पत्ता आणि पासपोर्टची प्रत देऊन ठेवावी. परदेशातल्या अडचणीची तक्रार ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर घरूनही नोंदवता येते. पासपोर्ट हरवल्यास आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करावी, मग भारतीय दूतावास गाठावा. तिथे मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यापुरते चालते, त्यावर पुढची सहल करता येत नाही.