किकचा ‘धप्प’ फुकटात कसा बनतो?

“सर, बीट बनवायलोय, पण चांगले साऊंड विकतच घ्यावे लागतील ना?” लातूरला अकरावी-बारावीची पोरं हल्ली हा प्रश्न वरचेवर विचारतात. दिवसभर क्लास आणि रात्री खोलीवर रॅप आणि त्यामागे वाजणारा ताल, म्हणजे बीट. चांगलंच आहे. पण महागडं सॉफ्टवेअर आणि ‘ड्रम किट’ नावाच्या विकतच्या फाइल्स घेतल्याशिवाय बीट होत नाही, हे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलंय. काही नको. घरातला जुना कॉम्प्युटर, हेडफोन आणि 2000 सालापासून मोफत मिळणारं ऑडॅसिटी हे आवाज बनवायचं आणि कापायचं सॉफ्टवेअर पुरतं. बाकी लागतं ते भौतिकशास्त्र.

बीटमधला सगळ्यात जाडा ठोका म्हणजे किक. 50 हर्ट्झची (सेकंदाला 50 कंपनं) साधी साइन लहर घेऊन तिचा आवाज हळूहळू कमी केला, तर ऐकू येतं नुसतं ‘भूंऽऽ’. ठोका लागल्यासारखा वाटतच नाही. तीच लहर 160 हर्ट्झला सुरू करून झपकन 50 वर आणली की ‘धप्प’ होतं. असं का, ते हलगीला विचारावं.

हलगी शेकतात, कारण उष्णतेने कातड्यातली ओल जाते, ताण वाढतो आणि आवाज चढतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, हे पुस्तकात आहेच. आता काठी पडते त्या क्षणाकडे बघा. कातडं दबतं, म्हणजे किंचित ताणलं जातं. त्या क्षणापुरता त्याचा ताण वाढतो आणि स्वरही चढतो. कंपन विरत गेलं की ताण मूळ जागी येतो आणि स्वर उतरतो. गंमत अशी की ताणातली ही वाढ कंपनाच्या आयामाच्या, म्हणजे झोक्याच्या उंचीच्या, वर्गाच्या प्रमाणात असते. आयाम निम्मा झाला की स्वरातला चढ चौथाईवर येतो, पाव झाला की सोळाव्या हिश्शावर. म्हणून स्वर आधी खाली बसतो आणि आवाज मागाहून विरतो. खऱ्या वाद्यात ही घसरण थोडीच असते, पण कान तिला जोरदार आघाताची खूण मानतो. इलेक्ट्रॉनिक किकमध्ये तीच खूण फुगवून वापरतात. जपानच्या रोलँड कंपनीचं टीआर-808 हे 1980 चं यंत्र घ्या. त्याची किक कुठल्याही ढोलावरून रेकॉर्ड केलेली नव्हती, ती सर्किटातूनच निघायची.

ऑडॅसिटीत ‘जनरेट’ मेनूत ‘चर्प’, म्हणजे सरकत जाणारा स्वर, निवडा. लहर साइन, कंपनसंख्या 160 ते 50, आयाम 0.8 ते 0, कालावधी 0.3 सेकंद. पर्याय ‘लॉगरिदमिक’ घ्या, कारण कान फरक मोजत नाही, गुणोत्तर मोजतो: 160 वरून 80 आणि 80 वरून 40, दोन्ही त्याला सारखीच उतरण.

पायथॉनमध्ये करणाऱ्यांनी एक सांभाळावं. सूत्रात थेट ‘कंपनसंख्या गुणिले वेळ’ लिहू नये, कंपनसंख्येचं संकलन (इंटिग्रेशन) घ्यावं. नाहीतर 150 ते 50 अशी सरळ उतरण मागितलेला स्वर पाऊण वाटेवरच शून्याला टेकतो आणि उलटा वर चढायला लागतो. विश्वास नसेल तर अवकलन करून बघा.

हाय-हॅट, म्हणजे झांजेसारखा बारीक ‘च्स’, सोपं. पांढरा नॉइज (सगळ्या कंपनसंख्यांची सरमिसळ) 0.05 सेकंद, फेड आउट करून आवाज शून्यावर, आणि खालच्या कंपनसंख्या गाळून टाका. गोंधळातल्या संबळाचा एक ठोका मोबाइलवर घेऊन वापरला तरी झकास. फक्त वाजवणाऱ्याला विचारून. लय मिनिटाला 100 ठोके ठेवली तर एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत 0.6 सेकंद, म्हणजे 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे इतके आकडे) 26,460 आकडे. हे हाताने मांडायचा कंटाळा आला तर एलएमएमएस हे संगीत रचायचं सॉफ्टवेअर घ्या. तेही मोफत, आणि त्यातल्या किक बनवणाऱ्या ‘किकर’ला सुरुवात, शेवट आणि उताराची वेगळी बटणं आहेत.

जाता जाता, ‘432 हर्ट्झ ही निसर्गाची कंपनसंख्या, त्यावर बीट केली की मन शुद्ध होतं’ असले मेसेज पुढे ढकलू नका. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती, आणि दिवसाचे 86,400 भाग माणसानेच पाडले. भाग वेगळे पाडले असते तर हा ‘पवित्र’ आकडाही बदलला असता. वाद्यं जुळवायला प्रमाण मानलेला 440 सुद्धा 1939 च्या लंडन परिषदेत ठरवून घेतलेला. आपले गवई तर आपल्या गळ्याला मानवेल तिथे सा लावतात.

शेवटची अडचण: हेडफोनवर दणदणीत वाजणारी किक मोबाइलवर गायब होते. एवढासा स्पीकर 50 हर्ट्झ काढूच शकत नाही. किकवर थोडं ‘डिस्टॉर्शन’ टाका, म्हणजे लहरीचा आकार मुद्दाम बिघडवा. त्याने 50 च्या पटीतल्या वरच्या कंपनसंख्या तयार होतात. 200, 250, 300 एकत्र ऐकू आले की मेंदू त्यांतलं समान अंतर ओळखतो आणि न वाजलेला 50 स्वतःच भरून घेतो. डिस्टॉर्शन किती ते मोबाइलवरच ऐकून ठरवा. जास्त झालं की ‘धप्प’चं ‘फट्’ होतं.