निर्यातीची चिनी पोर्सलेन भांडी

यूरोपीय गिऱ्हाइकांच्या मागणीवरून, त्यांच्या जेवणाच्या पद्धतीला सोयीचे आकार आणि त्यांना रुचेल अशी नक्षी देऊन चीनमध्ये तयार केलेली पोर्सलेनची भांडी. सोळाव्या शतकात सुरू झालेला हा व्यापार अठराव्या शतकात ऐन भरात होता. मराठीत आपण सरसकट ‘चिनी माती’ म्हणत असलो, तरी खरे पोर्सलेन केओलिन ही पांढरी माती आणि अभ्रकयुक्त दगडाची पूड एकत्र मळून, सुमारे १,३०० अंश सेल्सियस तापमानाला भाजूनच मिळते. ते पाणी शोषत नाही, त्यावर टिचकी मारली की खणखणते आणि पातळ असेल तेथे त्यातून उजेड दिसतो. यूरोपला हे रहस्य उलगडले ते १७०८ च्या सुमारास, जर्मनीतील सॅक्सनीत.

भांडी घडत ती मुख्यतः जिआंग्शी प्रांतातील जिंगदेझेन येथे. तेथील भट्ट्यांविषयी दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ मध्ये लिहिलेल्या पत्रानुसार एक भांडे सत्तर कारागिरांच्या हातांखालून जात असे. रेषा काढणारा निराळा आणि त्यांत रंग भरणारा निराळा. यूरोपीयांनी नाकारलेला माल चिनी लोकांच्या पसंतीस उतरत नसल्याने कुंभाराच्या गळ्यात पडे आणि त्याची भरपाई उरलेल्या मालाच्या किमतीतून होई, असेही तो नोंदवतो.

पोर्तुगीजांनी १५५७ च्या सुमारास मकाऊत बस्तान बसवल्यावर हा माल मलाक्का व गोवा या मार्गाने लिस्बनला जाऊ लागला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या उत्खननात चिनी पोर्सलेनचे तुकडे सापडले आहेत, ते या वाहतुकीचीच खूण होत. डचांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरील पोर्सलेनसकट माल ॲमस्टरडॅममध्ये लिलावात विकला, तेव्हा उत्तर यूरोपात या निळ्या-पांढऱ्या भांड्यांची मागणी एकदम वाढली.

खरी अडचण आकारांची होती. चिनी पेल्याला कान नसे, आणि सपाट रुंद काठाची ताटली, मिठाचे भांडे किंवा मोहरीच्या चटणीची कुपी यांचे चिनी जेवणात काही काम नव्हते. म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३५ मध्ये लाकडी नमुने करून पाठवले. पुढे चांदीची आणि काचेची भांडीही नमुन्यादाखल जाऊ लागली. ज्या टेबलावर ती मांडली जाणार ते कुंभाराने कधी पाहिलेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या हातची सफाई अधिकच थक्क करते. घराण्यांची मानचिन्हे असलेले जेवणाचे संच हा या धंद्यातील सर्वांत मानाचा प्रकार. चिन्हाचे चित्र चीनला जाऊन संच घरी पोहोचेपर्यंत दोन-तीन वर्षे लोटत, आणि लॅटिन अक्षरे न येणारा चित्रकार ब्रीदवाक्यातील चुकाही इमानाने उतरवी. चित्रकारीचा हव्यास महागातही पडे: डच कंपनीने १७३४ मध्ये कोर्नेलिस प्राँक या चित्रकाराकडून खास नक्षी काढून घेतली, त्यांतली ‘छत्रीवाली स्त्री’ आज गाजलेली असली, तरी तेव्हा खर्च परवडेना म्हणून काही वर्षांतच तो नाद सोडावा लागला.

१७५७ नंतर यूरोपीयांना व्यापारासाठी दक्षिण चीनमधील कँटन हेच एक बंदर उरले. जिंगदेझेनची कोरी पांढरी भांडी नद्यांतून आणि मेइलिंग खिंडीपुरती हमालांच्या खांद्यावरून तेथे येत, आणि मिन्याचे रंग कँटनच्या कारखान्यांत चढत. जहाजावर मात्र राज्य चहाचे होते. जड, ओलीने न बिघडणारी आणि वास न लागणारी भांडी तळाशी भरत, म्हणजे जहाजाला भार मिळे आणि वरचा चहा कोरडा राही. १७५२ मध्ये बुडालेले ‘गेल्डरमाल्सेन’ हे डच जहाज १९८५ मध्ये सापडले, तेव्हा त्यातून दीड लाखाच्या आसपास भांडी निघाली. तरीही एकूण मालाच्या किमतीत पोर्सलेनचा वाटा अगदी थोडा होता.

शतकाच्या अखेरीस इंग्रजी कारखान्यांचा छापील नक्षीचा स्वस्त माल बाजारात आला आणि १७९१ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीने पोर्सलेनची घाऊक आयात थांबवली. पूल, विलो वृक्ष आणि दोन पक्षी असलेली सुप्रसिद्ध ‘विलो’ नक्षी चिनी वाटते खरी, पण ती इंग्लंडात जुळवलेली आहे; आणि गिऱ्हाईक मागते म्हणून चिनी कारागिरांनी पुढे तिचीही नक्कल केली.