ए.ए. की अल-ॲनॉन? पिणाऱ्याची मीटिंग आणि घरच्यांची मीटिंग

"नवऱ्याचं नाव ए.ए.त घालायचं आहे, कुठे जाऊ?" गोव्यात डिचोली असो, साखळी असो की फोंडा, प्रश्न साधारण असाच येतो, आणि विचारणारी बहुधा बायको, आई नाहीतर बहीण असते. ए.ए. पिणाऱ्यासाठी आहे, तुमच्यासारख्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, आणि दुसऱ्याचं नाव घालायची सोय दोन्हीकडे नाही.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात बिल हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब हा सर्जन, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून लांब राहू लागले. तिथून हे सुरू झालं. सभासद व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. फी नाही. खर्च सभासदच वर्गणीतून भागवतात. मीटिंगच्या शेवटी पिशवी फिरते, पण नव्या माणसाने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. माणूस नाव सांगतो (पहिलं नाव पुरतं), आपण मद्यपी आहोत म्हणतो आणि स्वतःची हकिकत सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्लेही देत नाही. पिणारी बाई असेल तर तिचीही जागा इथेच.

अल-ॲनॉन १९५१ सालची. ती बिलच्या बायकोने, लोइसने, ॲन नावाच्या मैत्रिणीबरोबर उभी केली. यामागची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. बिलची दारू सुटली, तो रोज मीटिंगांना पळू लागला, आणि एके दिवशी लोइसने संतापून त्याला बूट फेकून मारला. दारू गेली होती, राग राहिला होता. इतकी वर्षं नवऱ्याला सांभाळण्यात गेली, आता त्याला तिची गरज उरली नव्हती, आणि तिचं काय हे विचारणारं कुणी नव्हतं.

म्हणून अल-ॲनॉनमध्ये चर्चा 'त्याची' नसते. संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला की चालीवरून अंदाज घेणं, शर्टाचा वास घेणं, बाटलीवर पेनाने खूण करून ठेवणं, त्याच्या साहेबाला फोन करून "ताप आलाय" सांगणं, हुर्राकाचे (काजूच्या ताज्या दारूचे) दिवस आले की मार्चपासूनच पोटात गोळा येणं: बोलणं होतं ते या सगळ्याबद्दल. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर पडतात. दारू मी लावली नाही, ती माझ्या ताब्यात नाही, आणि ती बरी करणं माझ्या हातात नाही. पहिल्यांदा ऐकणारीला यात हात झटकल्यासारखं वाटतं. पण नवऱ्याला सोडा किंवा सोडू नका, यातलं काहीच अल-ॲनॉन सांगत नाही. आणि तो पीत राहिला तरी तिला तिथे यायची मुभा असतेच. 'आधी त्याला आणा' असं कुणी म्हणत नाही.

सावरण्यासाठी एकेक करून चढायच्या बारा पायऱ्या दोन्हीकडे जवळपास त्याच, म्हणून तर गोंधळ होतो. संघटना मात्र वेगवेगळ्या. नवरा-बायकोने एकत्र जायचं असेल तर ए.ए.ची 'ओपन' मीटिंग विचारा. तिथे घरचे, मित्र, कुणीही बसू शकतं. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची. हे फोनवरच विचारून घ्यावं, भाषाही विचारावी. कोंकणी चालत असेल तर आपल्याला अडचण नाही, पण सगळं इंग्रजीत असेल तर वाळपईहून बस बदलत आलेला माणूस कोपऱ्यात गप्प बसेल आणि पुन्हा यायचा नाही.

आणखी एक अडखळा खास आपल्याकडचा. हॉल चर्चचा दिसला की हिंदू घरांत "ते पाद्रीचं काहीतरी" म्हणून पाय मागे घेतला जातो. जागा कुणाचीही असो, ए.ए. कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही. पायऱ्यांमधला देव 'आपल्याला कळेल तसा' आहे, तो मंगेशी-शांतादुर्गा असला तरी कुणाची हरकत नाही.

अल-ॲनॉनचे गट बहुतेक ठिकाणी ए.ए.पेक्षा कमी आहेत. जवळ नसेल तर ए.ए.च्या ओपन मीटिंगमध्ये चौकशी करावी, किंवा ऑनलाइन मीटिंग बघावी. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे, हे दोघांनाही सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं की हात थरथरतात, कधी फिट येते, दोन-तीन दिवसांनी भास होऊन बडबडही सुरू होते. त्यात जीव जाऊ शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर: बांबोळीची मानसोपचार संस्था किंवा जवळचं सरकारी इस्पितळ. "चवथीपर्यंत (गणेशचतुर्थीपर्यंत) बंद" असा घरच्या घरी नवस बोलून खोलीत कोंडणं तर नकोच.

काही जण दोन्हीकडचे असतात. बाप प्यायचा, आता मुलगाही पितो. तो स्वतःच्या पिण्यासाठी ए.ए.त बसतो, बापापायी जे भोगलं त्यासाठी अल-ॲनॉनमध्ये, आणि दोन्हीकडे त्याच्या बोलण्याचा विषय वेगळा असतो.